अलक्ष्मी जाते कुठे?

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपल्याकडे नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहण्याची चाल आहे. मध्यरात्र झाली की घरच्या बाईने सूप वाजवीत, कानाकोपरा झाडीत अलक्ष्मीला दाराबाहेर घालवावे, असाही जुना रिवाज आहे. रिवाज सुंदर आहे. त्याची थट्टा करण्याचा माझा इरादा नाही. माझा सवाल एवढाच, की दाराबाहेर गेलेली ही अलक्ष्मी पुढे जाते कुठे? उंबरठा ओलांडताच ती हवेत विरून जाते अशी आपली समजूत दिसते. ती विरत बिरत नाही. ती गल्लीच्या टोकाला जाते, तिथून गाडीत चढते, गावाबाहेरच्या उकिरड्यावर उतरते, आणि ज्यांना लक्ष्मीने कधी तोंडही दाखविलेले नाही अशांच्या पदरात जाऊन पडते.

यंदाच्या साफसफाईत तुमच्या घरातून काय काय निघाले ते आठवून पाहा. रद्दी निघाली, ती रद्दीवाल्याने तोलून नेली. गळकी बादली आणि पत्र्याचे डबे भंगारवाल्याने नेले. जुन्या साड्या बोहारणीला देऊन तुम्ही तिच्याशी अर्धा तास हुज्जत घातलीत आणि एक पातेले पदरात पाडून घेतलेत. म्हणजे या सगळ्यांना कोणी ना कोणी वाली आहे. पण रिमोटमधले, भिंतीवरच्या घड्याळातले, मुलांच्या खेळण्यातल्या मोटारीतले ते संपलेले सेल? त्यांना रद्दीवाला घेत नाही, बोहारीण हात लावीत नाही. काटकसरी घरांत ते आधी दोन दिवस उन्हात ठेवून पाहतात, आणि जीव येत नाही अशी खात्री पटली की खरकट्याच्या पिशवीत टाकतात. संपला त्यांचा अवतार!

या निराधार वस्तूला गावातली शाळा वाली होऊ शकते, आणि तिने व्हावे, असे माझे मत आहे. परंतु आज बहुतेक ठिकाणी ज्या थाटाने हे काम चालते तो थाट मला साफ नामंजूर आहे. म्हणजे विरोधकही माझ्यावर रागावणार आणि उत्साही मंडळीही. दिवाळीच्या फराळाबरोबर तेही पचवू.

प्रथम सेल म्हणजे काय ते पाहू. साधा सेल म्हणजे जस्ताचे एक भांडे. मधोमध कोळशाची कांडी, तिच्याभोवती मँगेनीज डायऑक्साइडची काळी भुकटी, आणि ओलाव्यासाठी नवसागर किंवा जस्ताचा क्षार; नवसागर म्हणजे आपल्या कल्हईवाल्याच्या पिशवीतला तोच. १८६६ साली लक्लांशे नावाच्या फ्रेंच गृहस्थाने जी युक्ती काढली तिचेच हे वंशज. यातले जस्त खाणीतून येते, मँगेनीजही खाणीतून येते. ते तर आपल्या नागपूर-भंडाऱ्याच्या भूमीतही आहे. भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्ग येथे सेलांना लागणारी ही भुकटी तयार करण्याचा कारखानाच आहे. माणसे जमिनीच्या पोटातून हे धन खणून वर काढतात. आपण ते चार महिने घड्याळात वापरतो आणि पुन्हा मातीत गाडतो, तेही दुसऱ्याच्या मातीत. याला व्यवहार म्हणत असतील तर उधळपट्टी कशाला म्हणावे?

येथे एक हुशार गृहस्थ हात वर करतात. ते म्हणतात, “मास्तर, पूर्वी सेलांत पारा असे, आता साध्या सेलातून तो काढून टाकला आहे. मग एवढा आक्रोश कशासाठी?” गृहस्थांचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे बोलणारा मनुष्य वादात फार त्रास देतो. साधा सेल आज पूर्वीइतका विषारी राहिलेला नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण केराच्या पिशवीत काही एकटा साधा सेल जात नाही. त्याच्याबरोबर जुन्या बिनदोरीच्या फोनमधली निकेल-कॅडमियमची जोडगोळी जाते. कॅडमियम काय करते ते जपानातल्या जिंत्सू नदीकाठच्या लोकांना विचारा. खाणीचे पाणी भातात उतरले, आणि हाडे ठिसूळ होऊन माणसे नुसत्या खोकल्याने मोडू लागली. त्या रोगाचे नावच मुळी ‘दुखते, दुखते’ असे पडले. पिशवीत मोबाइलची फुगलेली लिथियमची बॅटरी जाते. ती कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेट घेऊ शकते. आणि बटणाएवढा तो चकचकीत सेल! दिवाळीत हल्ली ज्या लुकलुकणाऱ्या प्लॅस्टिकच्या पणत्या येतात त्यांच्या बुडाशी तो असतो. रांगत्या मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आत आतली त्वचा जाळू लागतो. तसे घडलेच तर घरगुती उपाय करीत बसू नका. तडक रुग्णालय गाठा.

हुशार गृहस्थांना हे सर्व सेल वेगवेगळे ओळखता येत असतील. केर वेचणाऱ्या बाईला कसे ओळखता यावेत? म्हणून नियम एकच हवा: कोणताही सेल केरात नाही.

शिसे तर सर्वांचा राजा. स्कूटरच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवण्याचा धंदा उघड्यावर चालतो तेव्हा काय होते, ते आफ्रिकेत सेनेगलची राजधानी डाकारजवळच्या थियारॉय वस्तीत दिसले. २००७ च्या अखेरीपासून २००८ च्या मार्चपर्यंत तिथे अठरा मुले दगावली. ती मुले कारखान्यात कामाला नव्हती. आपल्या अंगणातल्या मातीत खेळत होती. जगातल्या दर तीन मुलांमागे सुमारे एकाच्या, म्हणजे जवळजवळ ८० कोटी मुलांच्या रक्तात धोक्याइतके शिसे असल्याचा अंदाज २०२० साली युनिसेफने प्रसिद्ध केला, आणि त्याच्या मोठ्या कारणांत हा बॅटऱ्या फोडण्याचा धंदा मोजला. अलक्ष्मी कुठे जाते याचे हे एक उत्तर आहे.

दुसरे विरोधक म्हणजे पालक. “आम्ही मुलांना शाळेत शिकायला पाठवतो, भंगार गोळा करायला नाही,” असे एक सद्गृहस्थ मला तावातावाने म्हणाले. त्यांच्या बैठकीच्या खोलीत गाडगेबाबांची तसबीर आहे! ज्या महाराष्ट्रात गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन आधी गाव झाडले आणि मग कीर्तन केले, ज्या महाराष्ट्रात सेनापती बापटांसारख्या विद्वानाने रस्ते झाडण्यात कमीपणा मानला नाही, जिथे कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ म्हणत मुलांच्या हाती कुदळ दिली, तिथे कचऱ्याला हात लावण्याने विद्या बाटते हे आम्हाला कोणी शिकविले? जस्त म्हणजे काय हे पुस्तकात वाचून मूल विसरते. आपल्याच घरच्या रिमोटमधून निघालेल्या सेलात ते आहे, आणि ते परत मिळवता येते, हे एकदा कळले की विसरत नाही. ज्याला हा अभ्यास वाटत नाही त्याने अभ्यासाची व्याख्या एकदा तपासून घ्यावी.

आता वळतो उत्साही मंडळींकडे. एका शाळेत मी हा सोहळा डोळ्यांनी पाहिला. हिरव्या रंगाने रंगवलेले एक पिंप आले. त्याला हार घातला. पाहुण्यांनी शाल-श्रीफळ स्वीकारून पहिला सेल पिंपात टाकला, आणि छायाचित्रकाराच्या विनंतीवरून तोच सेल काढून पुन्हा टाकला. मुलांना काढलेल्या सूचनेत ‘बॅटऱ्या आणाव्यात’ असे लिहिले होते. आपल्याकडे बॅटरी म्हणजे विजेरी, म्हणून खेड्यावरून येणारी चार पोरे आजोबांच्या चांगल्या चालत्या बॅटऱ्या घेऊन हजर! इथवर सारे गमतीचे होते. पुढे पिंप भरले. ते न्यायचे कोणी, हे कोणी ठरवलेच नव्हते. पावसाळ्यात व्हरांड्यातल्या त्या पिंपात पाणी शिरले, सेल फुगले, बुडातून काळे-पांढरे पाणी पाझरू लागले. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी शिपायाने ते नगरपालिकेच्या गाडीत रिकामे केले. घरोघरचे थोडेथोडे विष शाळेने मेहनतीने एकत्र केले आणि एकरकमी उकिरड्यावर पोहोचवले! छायाचित्र मात्र कार्यालयात अजून लटकते आहे.

याहून वाईट प्रकार स्पर्धेचा. ज्या वर्गाचे सेल जास्त त्याला ढाल. मग काय, घराघरांतली घड्याळे बंद पडू लागतात. बाप रिमोट दाबून दाबून थकतो, आणि चिरंजीवांच्या दप्तरात चालू सेल खुळखुळत असतात. सेल कमी वापरावेत हे शिकवायचे, की जास्त आणावेत हे? ज्या घरात सेल कमी निघाले ते घर शहाणे. त्या मुलाला तुम्ही स्पर्धेत शेवटचा नंबर देता! बक्षीस द्यायचेच असेल तर भिंतीच्या खटक्याने चालेल तिथे सेल वापरत नाही, किंवा पुन्हा भरता येणारे सेल वापरतो, अशा घराला द्या.

आणि आता मुख्य मुद्दा. हे काम मुळात कोणाचे? २००१ साली सरकारने बॅटऱ्यांविषयी नियम केले ते फक्त शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते. २२ ऑगस्ट २०२२ रोजी नवे नियम आले, त्यांत सर्व प्रकारच्या बॅटऱ्या आणि सेल आले. त्यांचा गाभा असा, की जो बॅटरी बनवून वा परदेशातून आणून बाजारात विकतो, त्यानेच ती संपल्यावर गोळा करविण्याची आणि तिच्यातले धातू परत मिळविण्याची जबाबदारी घ्यावी. ती जमिनीत पुरता कामा नये, जाळता कामा नये. वापरणाऱ्यानेही ती घरच्या केरापासून वेगळी ठेवून योग्य ठिकाणी द्यावी. म्हणजे कायद्याने कारखानदार आणि तुम्ही-आम्ही अशा दोघांची गाठ बांधली आहे. या लग्नात शाळा फार तर मध्यस्थ, वरबाप नव्हे. पिंप शाळेचे, जागा शाळेची, मेहनत मुलांची, वाहतुकीचा खर्च मुख्याध्यापकांच्या खिशातून, आणि वर कंपनीची जाहिरात शाळेच्या भिंतीवर, हा सौदा मला पसंत नाही. मुलांनी समाजसेवा जरूर करावी, पण कोणाची फुकट हमाली करू नये.

हे अशक्य म्हणाल, तर स्वित्झर्लंडकडे पाहा. तिथे सेल विकत घेतानाच त्याच्या अंत्यविधीची रक्कम किमतीत घेतली जाते; जो दुकानदार सेल विकतो त्याला जुने परत घ्यावेच लागतात, आणि वापरणाऱ्यालाही ते केरात टाकता येत नाहीत. जपानात २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत लोकांनी सुमारे ७९ हजार टन जुनी उपकरणे आणून दिली, त्यांत ६२ लाखांवर मोबाइल होते. त्यांतल्या सोन्या-चांदी-तांब्यातून टोकियो ऑलिंपिकची पाचेक हजार पदके घडली. दोन्हीकडे रहस्य एकच: वस्तू गोळा करण्याआधी ती जाणार कुठे हे ठरलेले होते. आपण आधी वरात काढतो आणि मग मुलगी शोधतो.

शाळेने काय करावे? आधी परवानाधारक पुनर्वापर करणाराशी लेखी ठरवावे, की दर दोन महिन्यांनी माल नेईन, वजनाची पावती देईन, आणि खर्च शाळेवर टाकणार नाही. हे लिहून मिळाल्यावाचून एकही सेल स्वीकारू नये. पत्र्याचे पिंप नको. झाकणाची प्लॅस्टिकची बरणी कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवावी. लिथियमच्या, बटणाच्या आणि चौकोनी नऊ व्होल्टच्या सेलांच्या तोंडांवर घरीच चिकटपट्टी लावून आणावी, म्हणजे एकमेकांना टेकून ते तापणार नाहीत. पाझरणाऱ्या सेलाला मुलांनी हात लावू नये. फुगलेली मोबाइलची आणि वाहनाची बॅटरी पालकांनी परस्पर पोहोचवावी. आम्ही लहानपणी कोळशाच्या कांडीसाठी सेल फोडत असू; ती हौस आता बंद. आणि प्रत्येक पावती फलकावर लावावी. त्या एका कागदाने मुलांना जो प्रामाणिकपणा कळेल तो माझ्या दहा धड्यांनी कळणार नाही.

आणखी एक. या कामात भंगारवाल्याला आणि केर वेचणाऱ्या बायांना शत्रू समजू नका. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि पुढे त्यातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. घरोघर जाऊन ओला-सुका कचरा वेगळा नेणारी ही माणसे कोणती वस्तू कोणत्या वाटेने जाते हे तुमच्या-माझ्यापेक्षा अधिक जाणतात. शाळेने पाहुणा बोलवायचाच असेल तर अशा एखाद्या मावशींना बोलवावे, खुर्ची द्यावी, आणि त्यांच्या हाताला सेलांनी काय काय केले आहे ते मुलांना ऐकू द्यावे. शाल-श्रीफळावर खरा हक्क त्यांचा आहे.

लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा खुशाल करा. पण सुट्टी संपून शाळा उघडली, आणि मुलाने येऊन सांगितले की आमच्याकडे सेल गोळा करणार आहेत, तर पिशवी त्याच्या हातात देण्याआधी मुख्याध्यापकांना एकच प्रश्न विचारा: “नेणार कोण, आणि पावती कुठे?” उत्तर मिळाले तर पिशवी द्या, आणि शेजाऱ्याची पिशवीही घेऊन या. उत्तर मिळाले नाही तर मिळेपर्यंत विचारीत राहा.

मास्तर रागावतील. रागावू द्या, आमची सवयच आहे ती. पण विचारल्यावाचून आम्हीही काही शिकत नाही.