आवडले, पण का आवडले?

भाजीत मीठ जास्त पडले, तर घरातला लहान मुलगाही ते निःसंकोच सांगतो. त्यासाठी त्याला पाकशास्त्राची पदवी लागत नाही. चित्रपट पाहून निघालेली माणसे जिना उतरता उतरताच आपला निकाल देऊन मोकळी होतात. मात्र एखादी कथा किंवा कविता वाचून झाल्यावर तीच माणसे गप्प बसतात. कोणी विचारलेच, तर ‘चांगली आहे’ एवढे मोघम उत्तर देतात आणि पुढे जोडतात, ‘आम्हाला त्यातले काय कळते?’ शिक्षण मध्येच सुटलेल्या प्रौढ माणसाच्या तोंडी तर हे वाक्य हमखास येते. वरवर ते विनयाचे वाटते. वस्तुतः वाचकाने आपला एक हक्क त्यात आपण होऊन सोडून दिलेला असतो.

पुस्तकाविषयी बोलण्याचा अधिकार ते वाचणाऱ्या प्रत्येकाला आहे. साहित्याची अभिरुची कोणी जन्मतः घेऊन येत नाही आणि ती पदवीच्या कागदाबरोबरही मिळत नाही. ती वाचनाने अंकुरते आणि इतर वाचकांशी मोकळेपणाने बोलल्याने वाढते. जेथे असे बोलणे थांबते, तेथे पुस्तके कपाटात राहतात आणि हळूहळू ती भाषाही घराच्या चार भिंतींत कोंडली जाते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाच्या बाबतीत हा धोका अधिक मोठा आहे. छत्तीसगडमधील भिलाईचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

भिलाई हे पोलादाचे शहर. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानुसार तेथे पोलाद कारखाना उभारण्याचे ठरले आणि १९५९ साली तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून अभियंते, तंत्रज्ञ आणि कामगार तेथे आले व सेक्टरांच्या वसाहतींत शेजारी शेजारी राहू लागले. त्यांत मराठी भाषक कुटुंबेही होती. या भूमीशी मराठीचा संबंध मात्र त्याहून जुना आहे. अठराव्या शतकात छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांची सत्ता आली. पुढे १९५६ पर्यंत हा प्रदेश आणि नागपूर एकाच प्रांतात होते. त्यामुळे मराठी येथे काल-परवा आलेली पाहुणी नव्हे.

अशा ठिकाणी वाढणारी मुले साहजिकच शाळेत हिंदी किंवा इंग्रजी शिकतात. मराठी उरते ती आजी-आजोबांशी बोलण्यापुरती, सणावारापुरती, लग्नपत्रिकेपुरती. यात कोणाचा दोष नाही. चार प्रांतांच्या माणसांनी एकत्र काम करायचे, तर सर्वांना समजणारी एक भाषा लागतेच. परंतु ज्या भाषेत केवळ जेवणाखाण्याचे आणि आल्यागेल्याचे बोलणे होते, त्या भाषेतून विचार करण्याची सवय एक-दोन पिढ्यांत मोडते. ती टिकवण्याचे साधन फार खर्चाचे नाही. एक पुस्तक, चार वाचक आणि त्यांच्यातील मतभेद एवढे त्यासाठी पुरेसे असतात.

पुस्तकांविषयीच्या चर्चेची परंपरा याच प्रदेशात आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. माधवराव सप्रे हे मराठी मातृभाषा असलेले गृहस्थ. १९०० साली त्यांनी पेंड्रा या लहानशा गावातून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. ते सुमारे तीन वर्षेच चालले, पण नव्या पुस्तकांची परीक्षणे नेमाने छापून त्याने हिंदी ग्रंथसमीक्षेचा पाया घालण्यास हातभार लावला. पुस्तक नुसते वाचून बाजूला ठेवू नये, त्याचे गुणदोष चारचौघांत सांगावेत, हा धडा त्या मासिकाने दिला. पुढे सप्रे यांनी ‘दासबोध’ आणि लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ हिंदीत आणले. एका भाषेतील वाचन त्यांनी दुसऱ्या भाषेच्या दारी नेऊन पोहोचवले.

भिलाईच्या पश्चिमेस, रेल्वेच्या त्याच मार्गावर राजनांदगाव आहे. तेथील दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून शिकवीत होते. त्यांचीही मातृभाषा मराठीच. कवी म्हणून ते हिंदीत थोर झाले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध हे मात्र मराठीतील नामवंत कवी, कादंबरीकार आणि समीक्षक. गजानन मुक्तिबोधांचे ‘एक साहित्यिक की डायरी’ हे पुस्तक १९६४ साली प्रसिद्ध झाले. कविता कशी जन्मते, अनुभवाचे शब्द होताना काय घडते, असे गहन प्रश्न त्यात अनेकदा मित्राशी चाललेल्या संवादातून मांडलेले आहेत. एक मित्र काही म्हणतो, दुसरा शंका काढतो, पहिला पुन्हा विचारात पडतो. साहित्याचा गंभीर विचार गप्पांच्या रूपानेही करता येतो, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. सप्रे आणि मुक्तिबोध विद्वान होते. कारखान्यात पाळी करून घरी आलेल्या माणसाने किंवा घरकामातून वेळ काढून शिकणाऱ्या बाईने त्यांची बरोबरी कशी करावी? या शंकेचे उत्तर मराठी साहित्यानेच दिले आहे. लक्ष्मीबाई टिळक यांना शाळेचे शिक्षण मिळाले नव्हते. लिहावाचायला त्या लग्नानंतर पतीकडून, नारायण वामन टिळक यांच्याकडून, शिकल्या. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. आज मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत त्याची गणना होते. त्यातील भाषा घरात बोलल्या जाणाऱ्या मराठीची आहे, आणि तेच तिचे बळ ठरले. बहिणाबाई चौधरी यांना तर अक्षरओळखही नव्हती. शेतात आणि जात्यावर सुचलेली त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली. १९५१ साली त्यांचे निधन झाल्यावर मुलाने, कवी सोपानदेव चौधरी यांनी, ती आचार्य अत्रे यांना दाखवली. १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली आणि महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. ज्यांना शाळा लाभली नाही, त्यांनी निर्माण केलेले साहित्य जर श्रेष्ठ ठरू शकते, तर त्यांच्यासारख्याच वाचकाला त्यावर मत देण्याचा अधिकार नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

अर्थात, मत देण्याचा अधिकार सर्वांना आहे म्हणजे सर्व मते सारख्याच मोलाची आहेत, असे नव्हे. रुची आणि अभिरुची यांत फरक आहे. ‘आवडले’ ही रुची झाली. ती ज्याची त्याची असते आणि तिच्याविषयी वाद घालण्यात अर्थ नसतो. ‘का आवडले’ हा प्रश्न विचारला, की अभिरुचीचा प्रवास सुरू होतो. मत मांडणाऱ्याने कारण द्यावे, कारणासाठी पुस्तकातील प्रसंग दाखवावा आणि दुसऱ्याने वेगळा प्रसंग दाखवल्यास आपले मत तपासून पाहावे, एवढी शिस्त त्यासाठी पुरते.

समजा, तीन वाचक वि. स. खांडेकर यांच्या ‘ययाति’ या १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीविषयी बोलत आहेत. पहिला म्हणतो, देवयानी फार गर्विष्ठ आहे, तिचा राग येतो. दुसरी वाचक लक्षात आणून देते, की ही कथा ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा अशी तिघे आपापल्या तोंडाने सांगतात. देवयानीचे स्वतःचे निवेदन वाचताना तिचे दुःख दिसते की नाही? तिसरा म्हणतो, ते दिसते, परंतु लेखक मधून मधून उपदेश करू लागतो आणि तेथे कथा अडखळते. या बोलण्याच्या शेवटी तिघांचे एकमत होईलच, असे नाही. पण पहिला वाचक घरी जाऊन देवयानीची पाने पुन्हा उघडील. चर्चेचे यश एकमतात नसते. पुस्तक पुन्हा उघडावेसे वाटण्यात असते.

असे मतभेद साहित्याला नवे नाहीत. कला कलेसाठी की जीवनासाठी, या प्रश्नावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ना. सी. फडके आणि खांडेकर यांची नावे दोन बाजूंना घेतली जात. वाचकांतही दोन तट पडले, पण पुष्कळ घरांत दोघांचीही पुस्तके आवडीने वाचली जात होती. वाद होता म्हणून वाचन वाढले. याउलट, उसन्या मतांनी वाचन आटते. ‘ज्ञानपीठ मिळाले म्हणजे पुस्तक थोर असणारच’ किंवा ‘सगळेच नावे ठेवतात म्हणजे ते टाकाऊ असणार’ अशी वाक्ये पुस्तक न उघडताही बोलता येतात. म्हणूनच ती निरुपयोगी असतात. पुरस्कार वाचकाला पुस्तकाच्या दारापर्यंत आणून सोडतो. आत जायचे ते ज्याचे त्याने.

सर्वसामान्य वाचकाच्या मताला आणखी एक महत्त्व आहे. अभिरुची थोड्याच लोकांच्या हाती राहिली, तर ती आंधळी होण्याचा संभव असतो. १८८५ साली पुण्यात भरणाऱ्या ग्रंथकारांच्या सभेचे न्यायमूर्ती रानडे यांनी पाठवलेले निमंत्रण महात्मा जोतीराव फुले यांनी पत्र लिहून नाकारले. शूद्र आणि अतिशूद्र यांच्या व्यथा ज्या ग्रंथांत उमटत नाहीत, ते लिहिणाऱ्यांच्या सभेशी आपला मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. सभेत कोण बसले आहे, यावर कोणते लेखन चांगले ठरणार हे पुष्कळदा अवलंबून असते, ही गोष्ट फुले यांनी तेव्हाच ओळखली होती. म्हणून चर्चेच्या वर्तुळात कामगार, शेतकरी, गृहिणी आणि नव्याने वाचू लागलेला प्रौढ यांनी बसणे आवश्यक आहे. कामगाराच्या जीवनावरील कथेत काय खरे आणि काय कल्पनेने रंगवलेले, हे भट्टीजवळ उभे राहून काम केलेला वाचक जितके ओळखील, तितके प्राध्यापक ओळखीलच असे नाही.

भिलाईसारख्या शहरात हे घडवून आणणे अवघड नाही. रायपूर येथे १९८१ साली गंगाधर गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. अशी संमेलने उत्साह देतात, परंतु मांडव उतरल्यावर तो उत्साह टिकवण्याचे काम लहान बैठकांचे असते. महिन्याला एक पुस्तक, एका घरची ओसरी आणि पाच-सहा माणसे इतक्यावर सुरुवात होऊ शकते. हिंदी माध्यमात शिकलेल्या मुलाला लिपी नव्याने शिकावी लागत नाही, कारण मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीतच लिहितात. ‘ळ’सारखे एखादे अक्षर तेवढे त्याला सवयीचे करून घ्यावे लागेल. त्याला अडचण अक्षरांची नसते, सोबतीची असते. तो अडखळला तर आजीने वाचून दाखवावे. मत मांडताना त्याने अर्धे वाक्य हिंदीत बोलले, तर कोणी टोकू नये. सप्रे आणि मुक्तिबोध यांच्या प्रदेशात दोन भाषांनी एकमेकींचा हात धरणे मुळीच विपरीत नाही.

पहिल्या बैठकीत फारसे कोणी बोलणार नाही. एखादा ‘चांगले आहे’ म्हणून थांबेल. तेव्हा शेजारच्याने मायेने ‘का?’ एवढेच विचारावे आणि उत्तर येईपर्यंत धीर धरावा. ते उत्तर तोडकेमोडके असेल, त्यात समीक्षेचे जड शब्द नसतील. पण ते त्या माणसाचे स्वतःचे असेल, आणि ते मराठीत शोधताना त्याला आपल्या भाषेतले असे काही शब्द सापडतील, जे बाजारहाट करताना त्याला कधी लागले नव्हते.