कॅप्टन जबाबदार असतोच. पण दोषी?

मंडळी, पोस्ट थोडी मोठी आहे, पण वाचा.

पूल पडला की कनिष्ठ अभियंता निलंबित. गाडी घसरली की मोटरमन. चोवीस तासांत एक नाव बाहेर येतं, वरचे सगळे सुटकेचा श्वास सोडतात, विषय संपतो. हा खेळ फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकन नौदलाच्या कॅप्टन चार्ल्स मॅक्व्हेंचं काय झालं ते बघा.

जुलै १९४५. मॅक्व्हेंची क्रूझर ‘इंडियानापोलिस’ हिरोशिमावर पडलेल्या अणुबॉम्बचे भाग टिनियन बेटावर पोचवून, गुआममार्गे फिलिपिन्समधल्या लेतेकडे निघाली होती. ३० जुलैला मध्यरात्र उलटल्यावर जपानी पाणबुडी आय-५८ चे दोन टॉर्पेडो बसले. बारा-एक मिनिटांत जहाज तळाला. जवळपास १२०० माणसांपैकी तीनेकशे जहाजाबरोबरच गेली. बाकीची समुद्रात. ऊन, तहान, शार्क. वाचले फक्त ३१६.

एवढे का मेले? कारण चार दिवस कुणी शोधायलाच गेलं नाही. जहाज ३१ जुलैला लेतेला पोचायचं होतं. पोचलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. युद्धनौका वेळेवर पोचली असेलच, असं धरून चालायची तिथली रीत. २ ऑगस्टला गस्तीवरच्या एका विमानाला तेलाचा तवंग आणि तरंगणारी माणसं दिसली, तीही योगायोगानं.

आणि मग कोर्ट मार्शल कुणाचं झालं? मॅक्व्हेंचं. आरोप काय, तर जहाज नागमोडी चालवलं नाही. अहो, पण नागमोडी चालवायचं की नाही, हे त्यांनी परिस्थिती बघून ठरवायचं, असाच आदेश होता. त्या मार्गावर जपानी पाणबुड्या आहेत, ही गुप्त माहिती नौदलाकडे होती, ती त्यांना दिली नाही. काही दिवस आधी त्याच भागात ‘अंडरहिल’ हे अमेरिकन जहाज बुडालं होतं, तेही सांगितलं नाही. सोबत संरक्षक जहाज दिलं नाही.

कहर म्हणजे सरकारी पक्षानं साक्षीला बोलावलं ते आय-५८ च्या कमांडर हाशिमोतोंना! ज्यानं जहाज बुडवलं त्यालाच. आणि तो म्हणाला काय? नागमोडी चालवलं असतं तरी फरक पडला नसता. अमेरिकेच्याच एका अनुभवी पाणबुडी अधिकाऱ्याची साक्षही साधारण तशीच. तरी मॅक्व्हे दोषी. शिक्षा पुढे माफ झाली, पण डाग राहिला. किनाऱ्यावरच्या चार अधिकाऱ्यांना ठपक्याची पत्रं गेली होती, ती मात्र गुपचूप मागे घेतली.

काही जण म्हणतील, जहाजाची जबाबदारी कॅप्टनचीच. मान्य. १९७१ मध्ये दीवजवळ ‘खुकरी’ बुडाली तेव्हा कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, आपण त्यांच्यापुढे आजही नतमस्तक होतो. पण जो कॅप्टन वाचला, त्यानं काय वाचल्याची शिक्षा भोगायची? जबाबदार असणं वेगळं, दोषी असणं वेगळं. कॅप्टननं उत्तर द्यायलाच हवं. पण मग ज्यांनी माहिती दाबली आणि ज्यांनी चार दिवस चौकशी केली नाही, त्यांनीही त्याच पिंजऱ्यात उभं राहायला नको का?

मेलेल्या खलाशांच्या घरच्यांची शिव्याशापांची पत्रं मॅक्व्हेंना वर्षानुवर्षं येत राहिली. त्या आईबापांना तरी काय बोलणार? सरकारनं त्यांच्या हातात एकच नाव दिलं होतं. १९६८ मध्ये मॅक्व्हेंनी स्वतःवर गोळी झाडून घेतली.

वाचलेले खलाशी मात्र आपल्या कॅप्टनच्या बाजूनं लढत राहिले. नव्वदच्या दशकात हंटर स्कॉट नावाच्या एका शाळकरी पोरानं इतिहासाच्या प्रकल्पासाठी हा विषय उकरला आणि बोभाटा झाला. म्हातारे हाशिमोतोही मॅक्व्हेंच्या बाजूनं पत्र लिहून मोकळे झाले. २००० मध्ये अमेरिकी संसदेनं ठराव केला, २००१ मध्ये नौदलानं त्यांच्या नोंदीत निर्दोषत्वाचा कागद जोडला. माणूस जाऊन ३३ वर्षं झाली होती.

म्हणून म्हणतो, पुढच्या वेळी दुर्घटनेनंतर एकच नाव पुढे केलं गेलं, की लगेच दगड उचलू नका. आधी विचारा, धोका आधी कुणाला माहीत होता? त्यांनी कुणाला सांगितलं? आणि हाक आली नाही तेव्हा कोण झोपलं होतं?

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण मुद्द्यावर.