खोल्या त्याच, कुलुपे कोणाची?



परळ-लालबागच्या दवाखान्यांत रुग्णांकडून हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे : "डॉक्टर, वडिलांना कर्करोग होता. रक्तातच असेल, तर आता तंबाखू सोडून काय उपयोग?" या प्रश्नामागची हताशा खरी आहे, तिच्या मुळाशी असलेली समजूत मात्र अपुरी आहे.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सुमारे २०,००० जनुके असतात. यकृताच्या पेशीत जी, तीच त्वचेच्या पेशीत. मग दोहोंचे काम निराळे कसे? एखादी चाळ डोळ्यांपुढे आणा. खोल्या सगळ्या आहेत. परंतु कोणती उघडी आणि कोणती कुलूपबंद, यावर तिथला व्यवहार ठरतो. पेशीत ही कुलुपे लावण्या-काढण्याचे काम काही विकरे, म्हणजेच एन्झाइम, करतात. त्यांतील काही डीएनएवर मिथाइल नावाची लहानशी रासायनिक खूण चिकटवतात. जनुकाच्या आरंभापाशी अशा खुणा दाटल्या की ते जनुक बहुधा मुके होते. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांवर ॲसिटाइल खूण लागली की गुंडाळी सैल होऊन जनुक वाचता येते. ती खूण पुसणारी विकरे गुंडाळी पुन्हा घट्ट करतात. या साऱ्यात जनुकाचे एक अक्षरही बदलत नाही.

कर्करोगाच्या पेशीत हीच व्यवस्था बिघडते. पेशीविभाजनाला लगाम घालणारे पी-१६ हे जनुक शाबूत असूनही कुलूपबंद झाल्याचे तोंडाच्या अनेक कर्करोगांत आढळते. उलट, वाढीला चिथावणारी काही जनुके अवेळी उघडतात.

एकाच कारणावर बोट ठेवून न थांबण्याचा धडा परळच्याच प्रयोगशाळांनी दिला आहे. १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तोंडाच्या कर्करोगाचा आणि लोकांच्या सवयींचा सांगोपांग अभ्यास केला. डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांवरील संशोधनात अनुवंशाबरोबरच संप्रेरकांचाही विचार केला.

आशेची जागा येथेच आहे. बदललेले अक्षर दुरुस्त करणे कठीण. लावलेली खूण मात्र काढता येते. मिथाइल खूण लावणाऱ्या विकराला रोखणारे ॲझासिटिडीन हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत अस्थिमज्जेच्या एका विकारासाठी मान्य झाले. अशा औषधांचा लाभ आजवर मुख्यतः रक्ताच्या कर्करोगांत दिसला आहे, आणि ती नको त्या खोल्याही उघडू शकतात. म्हणून ती तज्ज्ञांच्याच हाती शोभतात.

धूम्रपानानेही रक्तपेशींतील मिथाइल खुणा बदलतात. ते सोडल्यावर त्यांतील बऱ्याच काही वर्षांत पूर्ववत होऊ लागतात. काही मात्र दीर्घकाळ टिकतात. म्हणून सोडण्याला उशीर झाला असे कधीच नसते, आणि उशीर करणेही परवडत नाही.

काही घराण्यांत कर्करोगाचा धोका खरोखरच जनुकांतून येतो. जवळच्या नात्यात एकाहून अधिक जणांना किंवा तरुण वयात कर्करोग झाला असेल, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगा. "जनुके सुधारणाऱ्या" चूर्णांवर पैसे दवडू नका. तोंडातील जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा वा लाल चट्टा दिसला, तोंड पुरते उघडेनासे झाले, तर दुखण्याची वाट न पाहता तपासून घ्या. वडिलांकडून आलेली जनुके आपल्या हाती नाहीत. तंबाखूची पुडी मात्र आहे.