पिक्चरमधले सर आणि कॅप्टन पोतदार

‘थ्री इडियट्स’ (2009) न पाहिलेला इंजिनीअर शोधून दाखवा! मशीनची व्याख्या विचारणारे ते चिडके सर म्हणजे आपल्या हॉस्टेलचं दैवतच. कुणी वायव्हात अडखळला की त्या सरांची नक्कल झालीच म्हणून समजा. मीही करायचो.

18 ऑगस्ट 2025 ला ते सर, म्हणजे अच्युत पोतदार, वयाच्या एक्याण्णव्या वर्षी गेले. त्या रात्री मेसमध्ये पुन्हा तीच नक्कल झाली. मी मात्र रूमवर येऊन त्यांच्याबद्दल वाचत बसलो आणि थक्क झालो. हे गृहस्थ खरोखरच प्राध्यापक होते, मध्य प्रदेशात रीवाला. मग लष्करात गेले आणि 1967 साली कॅप्टन म्हणून बाहेर पडले. पुढे इंडियन ऑइलमध्ये सुमारे पंचवीस वर्षं नोकरी. ती सांभाळून, चाळिशी उलटल्यावर सिनेमात! ‘आक्रोश’, ‘अर्धसत्य’ धरून सव्वाशेच्या आसपास पिक्चर. ज्या दशकात देशाने 1962 आणि 1965 ची युद्धं पाहिली, त्यातली त्यांची फौजेतली वर्षं बातम्यांत जेमतेम एका ओळीत आटोपली.

कुणी म्हणेल, पदक मिळालं असतं तर लोकांनी लक्षात ठेवलं असतं. मग ऑडी मर्फीचं बघा. 26 जानेवारी 1945 ला फ्रान्समध्ये होल्त्सविरजवळ हा एकोणीस वर्षांचा अमेरिकन पोरगा पेटलेल्या रणगाडाविरोधी गाडीवर चढला आणि पायाला जखम असताना तासभर मशीनगन चालवत एकटा उभा राहिला. देशाचं सर्वोच्च पदक मिळालं. 1955 मध्ये स्वतःवरच्याच पिक्चरमध्ये तो स्वतःच हिरो! पब्लिकने शिट्ट्या मारल्या असतील. पण घरी त्याला झोप लागत नव्हती. उशाखाली भरलेलं पिस्तूल ठेवून तो झोपायचा. पुढे तो स्वतःच या त्रासाबद्दल उघडपणे बोलला, कोरिया आणि व्हिएतनामहून परतलेल्यांची काळजी घ्या म्हणाला.

म्हणजे एकाचं युद्ध आपण पडद्यावर पाहिलं, दुसऱ्याची नोकरी ठाऊकही नव्हती. माणूस मात्र दोन्हीकडे आपल्याला दिसलाच नाही. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याला डायलॉग मारणारा फौजी आवडतो, गप्प बसणारा नाही.

मी कोहमाऱ्याचा. मुंबई-कोलकाता हायवेला गोंदियाचा रस्ता मिळतो, ते गाव. आमच्याकडे मंडईच्या नाटकात फौजी आला की तो हमखास भाषण ठोकतो आणि टाळ्या घेतो. आमच्या घराशेजारचे काकाजी फौजेतून रिटायर झालेले. तेही प्रेक्षकांत बसलेले असतात, पण त्यांनी कधी भाषण केलं नाही. लहानपणी मी विचारलं होतं, “काकाजी, किती दुश्मन मारले?” ते म्हणाले, “जाऊ दे ना बाप्पा, त्यात काय सांगाचं?” मला वाटलं, यांनी काही केलंच नसेल! आज कळतं, माझा प्रश्नच चुकला होता. “तिकडे जेवायला काय मिळायचं? घरची चिठ्ठी किती दिवसांनी यायची?” असं विचारलं असतं तर कदाचित बोलले असते.

या दिवाळीत गावी गेलो की विचारणार आहे. आणि आपल्या गेटवरचे काका? रात्री उशीर झाला की आपण ज्यांच्याशी हुज्जत घालतो, ते कुठल्या पलटणीत होते, माहीत आहे कुणाला?

पोतदार सरांना विचारायचं राहून गेलं. यांना तरी विचारूया ना!