वॅटलाही कॅलिब्रेशन हवे

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या चांगल्या कारखान्यात मायक्रोमीटर हातात घेतला, की त्यावर छोटे लेबल दिसते: कॅलिब्रेशन कधी झाले, पुढचे कधी. ती तारीख उलटली, की उपकरण बाजूला ठेवतात. त्याने मोजलेला जॉब पुढे पाठवत नाहीत. ही शिस्त अंगी मुरलेल्या गावात घरच्या सायकल ट्रेनरच्या, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या यंत्राच्या, पडद्यावरचा वॅटचा, म्हणजे ताकदीचा, आकडा मात्र कोणी तपासत नसेल, तर ते योग्य नाही.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका ओलांडणारी सायकल शर्यत पूर्ण केली. इथे सायकलिंग गांभीर्याने घेणारे पुष्कळ आहेत आणि पावसाळ्यात त्यांच्यातल्या अनेकांचा सराव घरातच, ट्रेनरवर होतो. पण सगळेच ट्रेनर ताकद मोजत नाहीत. साध्या ट्रेनरवर सॉफ्टवेअर फक्त चाकाचा वेग बघते आणि त्या मॉडेलच्या ठरलेल्या आलेखावरून वॅटचा अंदाज बांधते. टायरमध्ये हवा कमी असली, रोलर चाकावर सैल बसला, यंत्र तापले, की अंदाज चुकतो. प्रत्यक्ष मोजणाऱ्या यंत्रांतही मॉडेलनुसार एक ते पाच टक्के फरक कंपन्या स्वतःच मान्य करतात. पडद्यावर मात्र दोन्ही आकडे सारखेच ठाम दिसतात.

नुकसान सरावात होते. 20 मिनिटांच्या चाचणीतल्या सरासरीचे 95 टक्के म्हणजे एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी ताकद), असे धरून पुढचे वेळापत्रक आखतात. आकडा दहा टक्के फुगलेला असेल, तर 200 वॅटचा सायकलस्वार स्वतःला 220चा समजतो आणि कसारा घाटाच्या चढावर त्याच भरवशावर जोर लावून अर्ध्यातच थकतो. चूक रोज तेवढीच राहिली, तर निदान स्वतःची प्रगती कळते. ती रोज बदलत असेल, तर वाढ पायांत झाली की टायरच्या हवेत, हे सांगता येत नाही. डिसेंबर 2020 मध्ये आभासी सायकलिंगची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हा सर्व स्पर्धकांना एकाच बनावटीचे ट्रेनर दिले होते, ते आकड्यांतला असा फरक टाळण्यासाठीच.

उपाय अवघड नाही. दहा मिनिटे पेडल मारून यंत्र तापवावे, ठरलेल्या वेगापर्यंत न्यावे आणि पाय थांबवावेत. वेग उतरायला किती सेकंद लागले, त्यावरून सॉफ्टवेअर रोधाचा हिशेब दुरुस्त करते. याला स्पिनडाऊन म्हणतात. ज्या ट्रेनरला ही सोय आहे, त्यावर ते नियमित करावे. कंपन्यांनीही आकडा मोजलेला आहे की अंदाजाचा, आणि त्यात किती टक्के फरक संभवतो, हे पडद्यावरच लिहिले पाहिजे.

नाशिकच्या सायकल क्लबांनी आणि जिमचालकांनी प्रत्येक ट्रेनरवर कॅलिब्रेशनच्या तारखेचे लेबल लावावे, आणि तारीख उलटलेल्या यंत्रावरचा निकाल कोणत्याही स्पर्धेत धरू नये.