इमारत लपवू नका, लांब बांधा

पाणथळीच्या काठावर पर्यटक केंद्र बांधायचं असलं की कामाच्या कागदात एक वाक्य हमखास असतं : ‘इमारत परिसराशी एकरूप झालेली असावी.’ मी वास्तुरचनाकार आहे. हे वाक्य मी अनेकदा वाचलंय, दोनदा स्वतः लिहिलंय आणि एकदा त्याच्या जोरावर कामही मिळवलंय. त्यामुळे पुढे जे म्हणणार आहे त्यात थोडा कबुलीजबाबही आहे. माझं म्हणणं असं, की हे वाक्य निविदांमधून काढून टाकावं. त्यानं पाणथळींचं भलं झालेलं नाही. आमच्या धंद्याचं मात्र झालंय.

काही वर्षांपूर्वी एका धरणाच्या फुगवट्यावर असं केंद्र करायचं होतं. धरणाचं आणि खात्याचं नाव घेत नाही. मी जमिनीतूनच वर आल्यासारखी इमारत काढली. मातीचा उतार, त्यावर गवताचं छप्पर, छपरावर चढून जायला पायवाट, आणि पाण्याच्या बाजूला लांबलचक काच. चित्रात धुकं होतं आणि वरून पट्टकदंबांचा थवा चालला होता. थवा मीच चिकटवला होता. बैठकीत चित्र सगळ्यांना फार आवडलं. ‘इमारत आहे हे कळतच नाही,’ असं एक साहेब म्हणाले, आणि मला ती शाबासकी वाटली.

चित्र डिसेंबरातलं होतं. पुढे मोजणीसाठी मे महिन्यात जागेवर गेलो, तर पाणी दूर आत सरकलेलं. मधल्या पट्ट्यात गाळपेर झाली होती, काढून झालेल्या पिकाची खुंटं उरली होती. काळी जमीन तडकलेली, काठचं गवत वाळून पेंढ्याच्या रंगाचं. दख्खनची पाणथळ वर्षातले कित्येक महिने अशीच असते. या सगळ्यात माझं हिरवंगार छप्पर कसं दिसलं असतं? लग्नाच्या मांडवासारखं. शिवाय ते हिरवं राहावं म्हणून उन्हाळाभर टँकर, नाहीतर तलावात पंप. म्हणजे पाणथळीशी एकरूप दिसण्यासाठी पाणथळीचंच पाणी उपसायचं!

बरोबर गावातला एक तरुण होता. हिवाळ्यात पाहुण्यांना दुर्बिणीतून पक्षी दाखवून तो चार पैसे मिळवतो. त्यानं नकाशा नीट पाहिला आणि विचारलं, ‘सर, रात्री इथं दिवे राहणार का?’

‘थोडे. सुरक्षेपुरते.’

‘मग बदकं काय करतील? रात्रीची ती इथंच चरायला येतात.’

बैठकीत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीही नाही.

एकरूप म्हणजे कुणाच्या नजरेला एकरूप? बांबूचं आच्छादन, मातीचा गिलावा, वळणदार कडा हे सगळं आपल्या डोळ्यांसाठी असतं, आणि हल्ली ड्रोनच्या. पक्ष्याला भिंत काँक्रीटची आहे की शाडूची, याच्याशी देणंघेणं नाही. त्याला खुपते ती हालचाल, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसणारी माणसाची आकृती, आवाज, उजेड आणि काच. काचेत आभाळ उमटतं आणि पक्षी त्या आभाळात शिरायला जातो. या हिशेबानं, ज्यावर पर्यटकांनी चढून जायचं ते गवताचं छप्पर ही पाणथळीच्या काठावरची सर्वांत वाईट कल्पना ठरते. माणसं लपवण्याऐवजी आपण त्यांना स्टेजवर चढवतो.

याचा पुरावा नाशिक जिल्ह्यातच आहे. नांदूर मध्यमेश्वर ही महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ; हा दर्जा तिला २०२० साली जाहीर झाला. ती झाली कशी? गोदावरी-कादवा संगमाजवळ ब्रिटिश काळात बंधारा बांधला गेला. त्यामागे गाळ साठला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली आणि पक्षी आले. बंधारा कुणी निसर्गाशी एकरूप वगैरे केला नव्हता. तो सरळसोट बंधारा आहे, आणि पक्ष्यांची त्याबद्दल काही तक्रार दिसत नाही. बांधकाम कसं दिसतं यापेक्षा ते पाण्याचं, गाळाचं आणि शांततेचं काय करतं, यावर सगळं ठरतं.

आमचे लोक यावर लगेच हाँगकाँग काढतात. मीही काढलं होतं. २००६ साली खुलं झालेलं हाँगकाँग वेटलँड पार्क सुमारे ६१ हेक्टरांचं आहे. त्यातलं दहा हजार चौरस मीटरांचं केंद्र गवताच्या उतरत्या छपराखाली आहे. काम उत्तमच आहे. पण ते उद्यान तिन श्वे वाई या नव्या शहराच्या विकासाची पर्यावरणीय भरपाई म्हणून मुद्दाम घडवलेलं आहे, आणि केंद्र शहराच्या बाजूच्या कडेला आहे. उंच इमारतींच्या गर्दीतून येणारा माणूस आधी तिथं थांबतो. शहर आणि पाणथळ यांच्यामध्ये ती इमारत उभी आहे. शहाणपण त्या जागेच्या निवडीत आहे. आम्ही तिथून छप्पर आणलं आणि जागेची निवड तिथंच ठेवून आलो.

जागेबद्दल आपल्याकडे नियम नाही असंही नाही. २०१७चे पाणथळ नियम ते लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्चतम पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत, बोटीचे धक्के सोडून, कायमचं बांधकाम करू देत नाहीत. पण सिंचनासाठी बांधलेले जलाशय या नियमांतल्या पाणथळीच्या व्याख्येतून वगळलेले आहेत. त्यामुळे धरणाचा फुगवटा म्हटलं की ‘आपल्याला ते लागू नाही’ हे वाक्य बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत ऐकू येतं. आणि जिथं नियम लागू असतो तिथं एक्कावन्नाव्या मीटरला जोतं आखलं जातं. सपाट काठावर पातळी अर्धा मीटर चढली तर पाणी कुठवर येईल, हे गावातल्या पोरालाही ठाऊक असतं.

एकरूपतेच्या चित्रात आणखी एक गोष्ट कधीच नसते, ती म्हणजे संडास. पाणथळीच्या काठची जमीन बहुधा काळी, चिकण. तिथं शोषखड्डा शोषत नाही. पावसाळ्यात तो तुडुंब भरतो आणि आतलं सगळं उतारानं जायचं तिथं जातं. चाळीस गाड्यांचा वाहनतळही चित्रात नसतो, जनरेटर नसतो आणि उपाहारगृहामागचा कचराही नसतो. छप्पर दिसेनासं करणं सोपं आहे. या गोष्टी दिसेनाशा करता येत नाहीत. त्या लांबच न्याव्या लागतात.

म्हणून मी दुसरा आराखडा दिला. इमारत गावात, एसटी थांब्याजवळ, शाळेला लागून. साधी, पत्र्याची किंवा कौलाची, इमारत म्हणून सरळ दिसणारी. तिथंच संडास, चहा, प्रदर्शन, वाहनतळ. तिथून पुढे पायी किंवा सायकलनं. काठावर फक्त एक लपण : तीन बाजूंनी बंद, पाण्याकडे आडव्या फटी, दहा-बारा माणसं गप्प बसतील एवढी जागा, दिवा नाही. चाकाच्या खुर्चीसाठी उतार आणि खाली घेतलेली एक फट. यात नवीन काही नाही. भरतपूरच्या केवलादेवमध्ये लोक गेटवरून सायकलरिक्षानं आत जातात आणि तो रिक्षावालाच पक्षी दाखवतो. त्यामुळे तिथलं पक्षीदर्शन कमी झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

आराखडा नामंजूर झाला. कारण तोंडी दिलं गेलं : ‘इथून पाणी दिसत नाही.’

आक्षेप खोटा नव्हता. पाणी दिसलं नाही तर लोक येणार नाहीत, लोक आले नाहीत तर पाणथळीसाठी भांडायलाही कुणी उरणार नाही, असं म्हणणाऱ्यांत माझे चांगले मित्र आहेत. मला त्यांचं पहिलं वाक्य पटत नाही. लोक वाघासाठी पहाटे चारला उठतात, रायगड चढतात, आळंदीहून पंढरपूरला चालत जातात. दीड किलोमीटर चालल्यावर बदकं दिसणार असतील तर चालतील. आणि कुणीच बांधलं नाही तर काठावर दारूच्या बाटल्या आणि डीजे येतो, हेही खरंच आहे. म्हणून तर इमारत हवी, असं मी म्हणतो. फक्त ती कुठं, हा वाद आहे.

पुढे काठावरच दुसऱ्या कुणाची तरी इमारत उभी राहिली. गेल्या हिवाळ्यात बघायला गेलो. छपरावरचं गवत टिकलं नाही, आता तिथं प्लास्टिकचं गवत अंथरलंय. पक्षी कमी होते, पण त्या वर्षी आवर्तन लवकर सुटलं होतं. दोष इमारतीचा की पाण्याचा, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तो तरुण भेटला. वाहनतळावर पावत्या फाडत होता. दुर्बीण घरी ठेवलीय म्हणाला. छपरावर जाऊन फोटो काढले की पाहुणे परत निघतात, पुढे येतच नाहीत. ‘इथून सगळं दिसतं ना सर,’ तो म्हणाला.

तुमच्या तालुक्यात असं काही होऊ घातलं असेल आणि ग्रामसभेत पडद्यावर धुक्यातली सुंदर इमारत दाखवली गेली, तर कृपया टाळ्या वाजवू नका. तीन प्रश्न विचारा. मे महिन्यातलं चित्र कुठाय? रात्री आठ वाजताचं कुठाय? आणि संडासाचं पाणी कुठं जाणार? उत्तरं मिळेपर्यंत जोत्याची आखणी होऊ देऊ नका.