चि. सौ. कां. ‘आश्रित’

लग्नसराईत घरी येणाऱ्या पत्रिकांवर वधूच्या नावाआधी ‘चि. सौ. कां.’ असते आणि नावानंतर कंसात तिची पदवी. वराच्या बाबतीत मात्र हल्ली पदवीपेक्षा गावाचे नाव अधिक भाव खाते. न्यू जर्सी, डल्लास, सॅन होजे. गेल्या वैशाखात डोंबिवलीतील एका परिचित गृहस्थांनी अशीच एक पत्रिका हाती ठेवली. कन्या सनदी लेखापाल, पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झालेली. “जावई एच-१वर आहेत, ही एच-४वर जाईल. मग ग्रीन कार्ड झाले की प्रश्न मिटला,” असे ते मोठ्या समाधानाने म्हणाले. त्या ‘मग’ या दोन अक्षरांत किती वर्षे दडली आहेत, हे त्यांनी कोणालाही विचारलेले नव्हते. पत्रिका जुळवताना मंगळ मात्र तीन ज्योतिषांकडून तपासून घेतला होता.

एच-४ म्हणजे काय, हे एकदा स्पष्ट मराठीत सांगितले पाहिजे. तो ‘आश्रिता’चा व्हिसा आहे. पतीचा एच-१बी आहे तोवर तो आहे. पतीची नोकरी सुटली की पत्नीचे राहणेही संपते. या व्हिसावर नोकरी करण्यास मुळात मनाई होती. २६ मे २०१५पासून काही जणींना कामाचा परवाना मिळू लागला. पण तोही सरसकट नाही, तर ज्यांच्या पतीची ग्रीन कार्डाची वाटचाल ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचली आहे अशांनाच. त्या परवान्याविरुद्ध अमेरिकेत लगेच खटला गुदरला गेला आणि तो दहा वर्षे चालला. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकण्यास नकार दिला, तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकावा, तर त्याच महिन्याच्या अखेरीस परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असताना मिळणारी आपोआप मुदतवाढ बंद झाली. म्हणजे कार्यालयातील टेबलावर काम अर्धे पडलेले, आणि बाईंनी घरी बसायचे. कारण टपाल आलेले नाही!

आणि ग्रीन कार्ड? १९९०च्या कायद्याने नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० जणांना कायम वास्तव्य देण्याचे ठरवले. त्यात बायका-मुलेही मोजली जातात. शिवाय कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक साधारणपणे जायचे नाहीत. एकशे चाळीस कोटींचा भारत आणि चार लाखांच्या आतला आइसलँड या तराजूत समसमान! परिणाम असा की २०२५ संपत असताना अभियंते, संगणकतज्ज्ञ मंडळी ज्या प्रमुख वर्गांत मोडतात, त्यांत भारतीयांपैकी २०१३मध्ये रांगेत उभे राहिलेल्यांचा क्रमांक लागत होता. त्या वर्षी जन्मलेले मूल आता सातवीत पोहोचले. आईवडिलांबरोबर इथून गेलेले मूल एकवीस वर्षांचे झाले की आश्रितांच्या यादीतूनही गळते, आणि जेथे ते वाढले तेथे त्याला परक्या विद्यार्थ्याचा व्हिसा मागावा लागतो.

गंमत म्हणजे ही रांग नागरिकत्वावर नव्हे, जन्मस्थानावर ठरते आणि जोडीदाराचे जन्मस्थानही चालते. वधूचा जन्म तिच्या वडिलांची बदली असताना काठमांडूत झाला असेल, तर नवरदेव नेपाळच्या रांगेत उभा राहू शकतो. वधू-वर सूचक मंडळांनी आता नाडी आणि गण यांच्या शेजारी हाही रकाना ठेवायला हरकत नाही.

आपल्याकडे मनुस्मृतीतील एका श्लोकार्धावरून हिंदू कुटुंबव्यवस्थेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा उद्योग शतकभर अखंड चालू आहे. स्त्रीला आयुष्यभर कोणाच्या ना कोणाच्या रक्षणाखाली ठेवले, हा आरोप. त्यावर कितीतरी परिसंवाद झाले. परंतु उच्चविद्याविभूषित स्त्रीचे अस्तित्व पतीच्या मालकाने भरलेल्या अर्जाला टांगून ठेवणारी व्यवस्था आज, या क्षणी, स्त्रीमुक्तीच्या माहेरघरी राजरोस चालू आहे. तिच्याविरुद्ध आमच्या पुरोगामी व्यासपीठांवरून कितीसा आवाज उठतो? पश्चिमेच्या दारात गेले की यांची लेखणी एकाएकी शालीन होते.

हे आजचेही नव्हे. १९२३मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘हिंदू’ हा गोरा नाही, सबब नागरिकत्वास अपात्र, असा निर्णय दिला. (तेव्हा अमेरिकेत शीखही हिंदूच म्हटले जात, हे येथे मुद्दाम नोंदवण्यासारखे.) त्या निर्णयानंतर क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्याशी विवाह केला म्हणून त्यांच्या अमेरिकन पत्नी मेरी यांचे स्वतःच्याच देशाचे नागरिकत्व गेले. ब्रिटनचे तर काय सांगावे? १९७९च्या जानेवारीत लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर ‘कौमार्यतपासणी’ झाली. ती वाग्दत्त वधू म्हणते, पण आधीच विवाहित तर नाही ना, एवढ्या संशयापायी. भारत सरकारने निषेध नोंदवला, ओरड झाली, प्रकार थांबला. संशय मात्र थांबला नाही, त्याने फक्त कागदाचे रूप घेतले. तेथे पती-पत्नीच्या नात्यावर कायम वास्तव्य मागण्यासाठी पूर्वी एक वर्ष पुरत असे. २००३मध्ये त्याची दोन झाली, २०१२मध्ये पाच. उत्पन्नाची किमान अट १८,६०० पौंडांवरून एप्रिल २०२४मध्ये २९,००० पौंडांवर गेली. गरिबाने परदेशी बायको करू नये, असाच याचा सरळ अर्थ आहे.

खोट्या लग्नांचे प्रकार होतात, त्यांत आपलीही माणसे असतात, हे खरे. प्रत्येक देशाला आपले दार सांभाळण्याचा अधिकार आहे, हे तर आम्ही घुसखोरीच्या प्रश्नावर सतत सांगत आलो आहोत. तेव्हा अमेरिकेने काय करावे हा आमचा प्रश्न नाही. आमच्या समाजाने डोळे मिटून काय चालवले आहे, हा आहे.

१८८३मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या त्या पतीच्या मागे नव्हे, एकट्या. गोपाळराव इकडेच राहिले होते. जाण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ असे जाहीर केले, आणि ते शब्द पाळले. १८८६मध्ये डॉक्टर होऊन त्या परतल्या. नऊवारी नेसणारी ती अठरा वर्षांची मुलगी तेथे स्वतःच्या नावाने उभी होती. आज तिची पणती शोभेल अशी मुलगी दुप्पट पदव्या घेऊन ‘आश्रित’ या रकान्यात बसते आणि आम्ही तिची पाठवणी सनई लावून करतो! आईवडिलांना विचारावे तर उत्तर ठरलेले: “स्थळ चांगले होते हो.”

संसार सुखाचा असेल तर हेही निभते, हजारो जणींनी निभावले आहे. तो तसा नसेल तेव्हा काय? घटस्फोट होताच एच-४ संपतो. अमेरिकन नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या छळ झालेल्या पत्नीला १९९४च्या कायद्याने स्वतःचा अर्ज स्वतः करता येतो. एच-१बीवाल्याच्या पत्नीला तो मार्ग नाही. तिला २०१७पासून कामाच्या परवान्याचा अर्ज करता येऊ लागला, पण राहण्याचा स्वतंत्र हक्क त्याने मिळत नाही. मूल घेऊन माहेरी आली, तर तेथील न्यायालयात ती अपहरणकर्ती ठरू शकते. भारताने १९८०च्या हेग करारावर स्वाक्षरी करावी म्हणून दडपण येत राहिले आहे. आपण ती केलेली नाही, हे योग्यच केले. छळातून सुटून आलेल्या आईला परत त्याच अंगणात पाठवणारा करार आपल्याला काय कामाचा?

परंतु नकार देऊन कर्तव्य संपत नाही. सुषमा स्वराज परराष्ट्रमंत्री असताना ११ फेब्रुवारी २०१९ रोजी राज्यसभेत अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचे विधेयक मांडले गेले. विवाहानंतर तीस दिवसांत नोंदणी, न केल्यास पारपत्र जप्त करण्याची तरतूद, पत्नीला टाकून परदेशी दडलेल्याला संकेतस्थळावरून समन्स आणि तरीही न आल्यास मालमत्तेवर टाच, असे त्याचे स्वरूप. ते स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवाल २०२०मध्ये आला. फेब्रुवारी २०२४मध्ये विधी आयोगानेही आपल्या २८७व्या अहवालात सर्वंकष कायद्याची शिफारस केली. कायदा अजून झालेला नाही. हे सरकार आपले आहे, म्हणूनच हे मोकळेपणाने लिहितो: अनिवासी बंधूंच्या सभांना टाळ्या मिळतात तेवढ्याच तत्परतेने त्यांच्यापैकी काहींनी टाकलेल्या लेकींचा हा कागद संसदेत पुढे सरकला पाहिजे होता.

डोंबिवलीच्या त्या गृहस्थांना मी एवढेच विचारले, की जावयाचा रांगेतला दिनांक कोणता? त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी तिथल्या तिथे दूरध्वनी लावला. जावयाच्या कंपनीने अर्ज अद्याप दाखलच केलेला नव्हता.